डबा, फिल्म आणि क्यूआर : नागपुरातल्या डिझाइन विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळे प्रश्न एकाच नमुन्याला धरून आहेत: पाव किलो संत्रा बर्फीचा डबा, त्याची छोटी फिल्म आणि डब्यावरून फोनवर उघडणारं पान. बर्फी निवडली कारण ती नागपुरात सहज मिळते, तूप सोडते, उन्हात बिघडते आणि तिचा रंग छपाईत त्रास देतो. एवढी खोड्याळ वस्तू जमली, तर साबण आणि मसाले सोपे जातात.

फिल्म, पॅकेजिंग आणि नवं डिजिटल तंत्र, तिन्ही आवडतात. आत्ताच एक निवडावं लागेल का?

पहिली दोन वर्षं तरी नाही. तीन वेगळे प्रकल्प करण्यापेक्षा एकच वस्तू तिन्हीतून न्या. डबा हाताने बांधलेला असला, की त्याची फिल्म काढताना प्रकाश कुठे चमकेल हे आधीच ठाऊक असतं. त्रिमितीय मॉडेल करतानाही घडी कुठे येते हे विचारत बसावं लागत नाही. ही सरमिसळ आपल्याकडे जुनीच आहे. दादासाहेब फाळके सिनेमात येण्याआधी छायाचित्रण आणि छपाईच्याच धंद्यात होते.

पुढे शिकायचं असेल तेव्हा मात्र वाटा फुटतात. बी.डेस.साठी आयआयटीची यूसीड, एम.डेस.साठी सीड, एनआयडीची (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) स्वतःची परीक्षा वेगळी. पॅकेजिंगचं तंत्र शिकायचं तर मुंबईत मुख्यालय असलेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग आहे, पण तिथे विज्ञानाची पार्श्वभूमी लागते. चित्रकलेच्या जोरावर तिथे निभाव लागणार नाही.

सुरुवात कोणत्या सॉफ्टवेअरने करावी?

स्टीलची पट्टी, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, कटर आणि रिकामी बॉलपेन यांनी करा. संगणक चौथ्या दिवशी उघडला तरी चालतो. स्क्रीनवर आधी काढलेल्या डब्यांपैकी बहुतेक घडी घालताना बंद होत नाहीत, कारण स्क्रीनवर पुठ्ठ्याला जाडी नसते.

नंतर रेखाटनाला इंकस्केप, त्रिमितीय मॉडेलला ब्लेंडर आणि फिल्मच्या संपादनाला दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते. गावातले बरेच छापखाने कोरलड्रॉवर काम करतात, म्हणून अंतिम फाइल पीडीएफमध्येच द्या.

मापं नेमकी कशी काढायची?

आतून बाहेर. आधी वस्तू, मग तिला धरणारा ट्रे, शेवटी वरचं, काडेपेटीसारखं सरकणारं आवरण. उलटं केलंत तर बर्फी डब्यात खडखडते नाहीतर झाकणाला चिकटते.

समजा वडी ३० × ३० × १८ मिमी आहे. बारा वड्या काट्यावर ठेवा. दुकानागणिक वजन बदलतं, म्हणून २५० ग्रॅमला बाराच बसतात की तेरा, हे स्वतः पाहा. बारा बसल्या तर चार गुणिले तीनची मांडणी. प्रत्येक वडीला बटर पेपर आणि बोटाची जागा धरून ट्रेचं आतलं माप १३२ × १०० मिमी, उंची २८ मिमी. उंचीत दहा मिलिमीटर जास्त ठेवले कारण वरून एक बटर पेपर येतो आणि वडी झाकणाला लागायला नको.

आता जाडी. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) फोल्डिंग बॉक्स बोर्ड साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतो, पण कंपनीप्रमाणे फरक पडतो. दहा तुकडे एकावर एक दाबून मोजा आणि दहाने भागा. ट्रेचं बाहेरचं माप झालं १३३ × १०१ × २८.५. आवरण त्यावर सरकायचं, म्हणून प्रत्येक दिशेला एक मिलिमीटर सैल: आतून १०२ × २९.५, लांबी १३३. अर्धाच मिलिमीटर सोडला तर पावसाळ्यात पुठ्ठा फुगून आवरण अडकतं. दोन सोडले तर डबा तिरका धरताच ट्रे खाली येतो.

आवरणाचा सपाट तुकडा: १०२ + २९.५ + १०२ + २९.५ = २६३, त्यात चिकटपट्टी १२ आणि घड्यांच्या जाडीसाठी एक, म्हणजे २७६ × १३३ मिमी. ट्रेचा सपाट तुकडा साधारण १८९ × १५७.

हा हिशेब शीटवर मांडला की मजा येते. डिजिटल छपाईची १३ × १९ इंची शीट ३३० × ४८२ मिमी असते. चारी बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा छपाई, धरूनही आवरणं एका शीटवर तीन बसतात. ट्रेवर छपाई केली तर ब्लीड आणि मशीनची कोरी कड धरून दोनच निघतात, कोरा ठेवला तर चार. बर्फीला शाई लागू नये म्हणून ट्रे तसाही कोराच हवा, त्यामुळे शीटही वाचते.

बोर्ड कोणता घ्यायचा? दुकानात 'ड्युप्लेक्स' म्हणून देतात.

ड्युप्लेक्सची मागची बाजू राखाडी असेल तर तो रद्दीपासून बनलेला असतो. बाहेरच्या आवरणाला चालेल, बर्फीला टेकणाऱ्या ट्रेला नाही. ट्रेसाठी दोन्हीकडून पांढरा, नव्या लगद्याचा बोर्ड आणि आत तेलरोधक कागदाचा तुकडा. पांढरा म्हणून फसू नका. मागणी करताना 'व्हर्जिन पल्प' आणि 'फूड ग्रेड' हे दोन्ही शब्द उच्चारा.

तुपाची परीक्षा सोपी आहे. भरलेला ट्रे कोऱ्या झेरॉक्सच्या कागदावर २४ तास ठेवा. कागदावर पारदर्शक डाग दिसला तर आतला कागद बदला. ही परीक्षा एप्रिलमध्ये घ्या; डिसेंबरमध्ये तूप थिजलेलं असतं आणि वाईट कागदही पास होतो.

खाकी क्राफ्ट बोर्ड फोटोत छान दिसतो म्हणून सगळ्यांना हवा असतो. छपाईची शाई पारदर्शक असते, त्यामुळे क्राफ्टवर नारिंगी विटकरी होतो. खाली पांढऱ्या शाईचा थर देता येणारं मशीन असेल तरच त्या वाटेला जा.

घडी घातली की रंग तडकतो, पांढरी रेघ दिसते. का?

कारणं तीन, आणि नागपुरात चौथं.

पहिलं: टोनर, म्हणजे शाईची पूड. लेझर पद्धतीच्या डिजिटल छपाईत रंग कागदावर थरासारखा बसतो आणि वाकला की फुटतो. घडीवर गडद रंग टाळा किंवा मॅट लॅमिनेशन (वरून पातळ पारदर्शक पापुद्रा) करून मग घडी घाला.

दुसरं: घडी दाबलीच नाही. कटरने हलकी चीर पाडून वाकवणं ही सर्वात सामान्य चूक. चीर पाडायची नसते, खोबण करायची असते. खाली जाड फाइलचा पुठ्ठा, वर स्टीलची पट्टी, आणि रिकाम्या बॉलपेनने बोर्डाच्या छापलेल्या बाजूने दोनदा दाबून रेघ. घडी खोबणीपासून दूर, म्हणजे छापलेली बाजू बाहेर राहील अशी घाला. डाय (कापण्या-दुमडण्याचा साचा) करून घेणार असाल तर क्रीझिंगच्या खाचेची रुंदी साधारण पातीची जाडी अधिक बोर्डच्या जाडीची दीडपट.

तिसरं: ग्रेन. बोर्डातले तंतू एका दिशेने झोपलेले असतात. एक चौकोनी तुकडा घेऊन एका बाजूला ओलं बोट फिरवा. तो ज्या अक्षाभोवती नळीसारखा वळतो तीच तंतूंची दिशा. आवरणाच्या मुख्य घड्यांना तंतू काटकोनात असले तर डबा फुगत नाही, सरळ उभा राहतो. पण तंतूंना आडवी घडी तडकतेही लवकर, म्हणून खोबण नीट हवी. प्रेसमध्ये 'भाऊ, शीट लाँग ग्रेन आहे की शॉर्ट?' एवढं विचारा. वरच्या मांडणीत २७६ मिमीची बाजू शीटच्या छोट्या बाजूला समांतर बसते, म्हणजे शॉर्ट ग्रेन हवं.

चौथं: मे महिना. पारा ४५ च्या आसपास असताना हवा इतकी कोरडी असते की बोर्डातला ओलावा उडतो आणि तंतू ठिसूळ होतात. शीट गाडीच्या डिकीत ठेवू नका. कूलरच्या खोलीत, पण झोतापासून दूर, प्लास्टिक सैल करून रात्रभर ठेवा आणि सकाळी घड्या घाला.

स्क्रीनवर झकास दिसणारा नारिंगी छापल्यावर मळका का होतो?

स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते, छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईने (मिळून सीएमवायके). चकाकता नारिंगी त्या चार शाईंच्या आवाक्याबाहेर आहे. पॅन्टोनचा ऑरेंज ०२१ तर सीएमवायकेत येतच नाही; तो हवा असेल तर पाचवी स्वतंत्र शाई लागते, आणि ऑफसेटवरच परवडते.

चार शाईंत राहायचं तर किरमिजी ५५, पिवळा १००, बाकी दोन्ही शून्य इथून सुरुवात करा. सर्वात महत्त्वाचं म्हणजे निळसर शून्यच ठेवा. फोटोतून रंग उचलला की तीन-चार टक्के निळसर चोरपावलांनी येतो आणि संत्रं शिळं दिसतं. किरमिजी ४५ पासून ६५ पर्यंत पाच-पाचने वाढवत पाच पट्ट्या त्याच बोर्डवर, त्याच लॅमिनेशनसकट छापून घ्या. निवड उन्हात करा, ट्यूबलाइटखाली नको.

प्रेसमध्ये फाइल उघडली की मराठी अक्षरं फुटतात.

जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या फाइलमधला मजकूर फॉन्ट बदलताच कचरा होतो, कारण तिथे अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हं दडलेली असतात. सगळं काम युनिकोडमध्येच करा. त्यातही ऱ्हस्व इकार चुकीच्या जागी गेला किंवा जोडाक्षरं सुटी झाली, तर इलस्ट्रेटरमध्ये भारतीय लिप्यांचे पर्याय सुरू करून परिच्छेदाचा दक्षिण आशियाई कंपोझर निवडा. इनडिझाइनमध्ये त्याचं नाव वर्ल्ड-रेडी. इंकस्केपला हे सांगावं लागत नाही.

मग 'ल' आणि 'श'. मराठी वाचकाला त्यांची आपली रूपं हवी असतात, पण अनेक फॉन्ट आधी हिंदी वळण दाखवतात. फॉन्टमध्ये मराठी रूप असेल तर मजकुराची भाषा मराठी ठेवल्यावर ते येतं. कुठेही 'शाळा' आणि 'लाल' लिहून तपासा. प्रेसला पाठवण्याआधी अक्षरांचं आउटलाइनमध्ये रूपांतर करा, आणि न केलेली प्रत स्वतःजवळ ठेवा, नाहीतर 'वजन' दुरुस्त करायला सगळं पुन्हा टाइप करावं लागेल.

विद्यार्थ्याच्या प्रकल्पात कायद्याचा मजकूर खरंच लागतो का? सगळी जागा तोच खातो.

लागतो, आणि जागा खातो म्हणूनच लागतो. तो नसलेला डबा परीक्षकाला लगेच ओळखू येतो. निदान एवढं हवं: पदार्थाचं नाव, घटक (प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने), दूध असल्याची ॲलर्जी सूचना, पोषणमूल्यांचा तक्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, प्रतिग्रॅम किंमत, उत्पादनाची आणि वापराची अंतिम तारीख, बॅच क्रमांक, उत्पादकाचा पत्ता, ग्राहक संपर्क, आणि एफएसएसएआयचा (केंद्राची अन्नसुरक्षा संस्था) १४ अंकी परवाना क्रमांक. क्रमांकाच्या जागी १४ शून्यं टाका. खऱ्या दुकानाचा नंबर उचलू नका.

बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट अशी: खाद्यपदार्थाच्या लेबलावरचा बंधनकारक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा. मराठी जोडीला चालते, एकटी नाही. म्हणजे दोन भाषांची जागा पहिल्या रेखाटनापासूनच धरा.

शाकाहाराचं चिन्ह: हिरव्या चौकटीत हिरवा भरीव गोल. दर्शनी भाग १०० चौरस सेंटीमीटरपर्यंत असेल तर गोलाचा व्यास किमान ३ मिमी, चौकटीची बाजू ६. १०० ते ५०० असेल तर ४ आणि ८. आपल्या आवरणाची वरची बाजू १३५ चौ.सेंमी.च्या आसपास येते, म्हणून ४ आणि ८ धरा. नारिंगी पार्श्वभूमीवर हिरवा गोल थरथरल्यासारखा दिसतो. मागे पांढरा तुकडा ठेवा.

बारकोड: ईएएन-१३ (१३ अंकांचा नेहमीचा बारकोड) पूर्ण मापाला ३७.२९ × २५.९३ मिमी असतो, ८० टक्क्यांच्या खाली नेऊ नये. आपल्या २९.५ मिमीच्या बाजूवर पूर्ण माप बसतं. पांढऱ्यावर नारिंगी रेघा मात्र कधीच छापू नका. दुकानातले बरेचसे स्कॅनर लाल प्रकाश वापरतात आणि त्यांना नारिंगी पांढराच दिसतो. नारिंगीवर काळ्या रेघा व्यवस्थित वाचल्या जातात.

डब्यावरून पारदर्शक प्लास्टिक गुंडाळलं तर?

नाही. मिठाईच्या डब्याभोवतीची प्लास्टिक फिल्म १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे. फोडलेलं कळावं म्हणून सील हवं असेल तर आवरण आणि ट्रे यांना जोडणारं कागदी स्टिकर लावा. ते फाडताना आवरणाचा रंग निघू नये म्हणून चिकटभाग लॅमिनेशनवर येऊ द्या.

प्रेसला फाइल देताना काय तपासायचं?

कापण्याच्या आणि घडीच्या रेघा वेगळ्या लेयरवर, वेगळ्या नावाच्या स्पॉट रंगात (चार शाईंबाहेरच्या स्वतंत्र रंगात), ओव्हरप्रिंट चालू, म्हणजे खालची छपाई कोरी पडत नाही. ब्लीड ३ मिमी, आणि मजकूर घडीपासूनही ३ मिमी आत. बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत; चार शाईंचा काळा बारीक मजकुराला सावली आणतो. फोटो प्रत्यक्ष मापाला ३०० पीपीआय.

आणि चिकटपट्टी कोरी. तिथे शाई, वार्निश, लॅमिनेशन काहीच नको. छापलेल्या पट्टीवर फेविकॉल धरत नाही, आणि नेमका परीक्षकाच्या हातात डबा उघडतो.

व्हिडिओत काळे पट्टे वर-खाली फिरतात. फोन खराब आहे का?

फोन ठीक आहे, सेटिंग परदेशी आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. फोन सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० सेकंद शटरवर असतो. प्रत्येक फ्रेमला प्रकाश कमीजास्त मिळतो. मॅन्युअल ॲपमध्ये २५ फ्रेम, शटर १/५०. फोन ३० सोडत नसेल तर शटर तरी १/१०० करा. मंद करता येणारे स्वस्त एलईडी वेगळ्याच वेगाने लुकलुकतात. ते पूर्ण उजेडावर ठेवा आणि लांब सरकवा.

घरच्या टेबलावर डब्याची फिल्म कशी काढायची?

खिडकी किंवा एकच मोठा दिवा डब्याच्या मागे-बाजूला. त्याच्यापुढे ट्रेसिंग पेपरची चौकट. समोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा, सावली उचलायला. कडा हरवत असतील तर एका बाजूला काळा कार्ड उभा करा, कड लगेच तासल्यासारखी दिसते. खाली चार्टपेपर भिंतीवरून टेबलावर गोल सोडलेला.

उठावाची छपाई, स्पॉट यूव्ही (ठरावीक जागीच चकाकतं वार्निश) किंवा सोनेरी फॉइल सरळ प्रकाशात दिसतच नाही. दिवा डब्याच्या पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, अगदी खाली आणा. फॉइल आरशासारखी वागते: तिला काय दाखवायचं ते तुम्ही ठरवा, नाहीतर ती तुमचा शर्ट दाखवेल.

व्हाइट बॅलन्स (कॅमेरा पांढरा कशाला धरतो ते) लॉक करा. खिडकीचा प्रकाश ५६०० केल्विनच्या आसपास, पिवळा बल्ब ३२०० च्या. दोन्ही एकत्र पडले तर नारिंगीची एक बाजू गुलाबी, दुसरी हळदी दिसते आणि संपादनात दोन्ही एकदम सुधारत नाहीत. एक्सपोजर किंचित कमी ठेवा, कारण लाल चॅनेल सगळ्यात आधी भरतो आणि संत्र्याची साल सपाट डाग होते.

चित्रीकरणाची बर्फी दोन संचांत घ्या. रचना आणि फोकस लावायला एक, शेवटच्या शॉटला दुसरी. दिव्याखाली तिच्या कडा वाळतात आणि ते जवळच्या लेन्सला डोळ्यापेक्षा जास्त दिसतं.

खरी संत्री दाखवायची आहेत. कधी मिळतील?

अंबिया बहाराची फळं साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. प्रकल्प जूनमध्ये द्यायचा असेल तर फळांचे शॉट मार्चमध्येच घेऊन ठेवा. नागपुरी संत्र्याला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे. त्याचा शिक्का मात्र अधिकृत वापरकर्त्यांसाठीच असतो, शोभेला डब्यावर लावू नका.

स्टॉप मोशनमध्ये डबा आपोआप उघडताना दाखवायचा आहे. किती फोटो लागतील?

सेकंदाला १२ पुरतात. आवरण १३३ मिमी सरकायला दोन सेकंद दिले तर २४ फोटो. सगळे सारख्या अंतरावर घेतले तर डबा यंत्रासारखा हलतो. पहिल्या चार फोटोंत १, २, ३, ५ मिमी, मधल्या सोळांत सातेक, शेवटच्या चारांत ५, ३, २, १. बेरीज करून पाहा, जमते. टेबलावर कागदी पट्टी चिकटवून आधीच खुणा करा आणि ती फ्रेमबाहेर ठेवा.

बिघडतं ते हलण्यापेक्षा उजेडाने. खिडकी पूर्ण झाका; ढग सरकला की फिल्म लुकलुकते. फोकस, एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक. ट्रायपॉडचे पाय फरशीला टेपने चिकटवा. शटर ब्लूटूथ बटणाने दाबा. कपडे गडद घाला आणि प्रत्येक फोटोला एकाच जागी उभे राहा, कारण तुम्हीही रिफ्लेक्टरच असता. सत्राच्या मधोमध चहाला उठलात तर परत येऊन आधीचा फोटो स्क्रीनवर ताडून पाहा.

फाळक्यांनी १९१२ मध्ये 'अंकुराची वाढ' हा लघुपट याच धीराने केला होता: उगवणाऱ्या रोपाची थोडी-थोडी फ्रेम, अनेक दिवस.

उन्हाळ्यात आवाज रेकॉर्ड करायचा कसा? कूलर बंद केला तर माणूस टिकत नाही.

पहाटे पाच ते सात. दुसरा उपाय म्हणजे चित्रीकरण मुकं करा आणि आवाज रात्री वेगळा घ्या. डब्याच्या फिल्मला तोच बरा. आवरण सरकण्याचा आवाज माइकपासून १५ सेंटीमीटरवर, गाद्यांनी वेढलेल्या कोपऱ्यात. ४८ किलोहर्ट्झ, सर्वात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास. बोलण्याचा भाग असेल तर त्याच खोलीची ३० सेकंद शांतता रेकॉर्ड करा. संपादनातली भोकं भरायला तीच लागते.

बाहेर शूट करताना लक्षात ठेवा की बऱ्याच फोनची ठरलेली मर्यादा ३५ अंशांची असते. दुपारी फुटाळा तलावावर फोर-के रेकॉर्डिंग लावलं तर फोन स्वतःच बंद करतो. कव्हर काढा, ब्राइटनेस कमी करा, दोन शॉटमध्ये सावलीत ठेवा. बर्फाच्या पिशवीवर ठेवू नका, लेन्सच्या आत बाष्प धरतं.

कळमन्यात किंवा मारबतीच्या मिरवणुकीत शूट केलं तर चालेल का?

कळमना बाजारात लिलावाची वेळ कामाची असते. आडत्याला आदल्या दिवशी विचारा, वाटेत ट्रायपॉड नको, हातातला फोन पुरे. मारबत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ऐन पावसाळ्यात आणि तुडुंब गर्दीत. रस्त्यावरून माणसांची डोकीच मिळतील; ओळखीच्या घराची गॅलरी आधी ठरवा आणि लेन्सवर पाऊस झेलायला प्लास्टिक ठेवा. मेट्रो स्थानक, रेल्वे स्टेशन, दीक्षाभूमी इथे लेखी परवानगी आधी.

ड्रोनसाठी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळाचा नकाशा पाहा. विमानतळ सोनेगावला, शहराला लागूनच आहे. २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला पायलट प्रमाणपत्र लागत नाही, पण लाल क्षेत्राचा नियम त्यालाही लागू आहे.

संपादनात आवाज हळूहळू मागे का पडतो?

फोन सेकंदाला कधी २९, कधी ३१ फ्रेम घेतो; सॉफ्टवेअर ३० धरून चालतं. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून फाइल बदला, मग टाइमलाइनवर आणा.

क्यूआर कोड डब्यावर नीट चालावा म्हणून काय करायचं?

पत्ता लहान आणि रोमन अक्षरांत. देवनागरी पत्त्यातलं प्रत्येक चिन्ह कोडमध्ये नऊ अक्षरांची जागा घेतं; नुसतं 'संत्रा' लिहिलं की ५४. कोड दाट होतो आणि छोट्या छपाईत चौकोन एकमेकांत मिसळतात.

२६ अक्षरांच्या आत पत्ता असला तर मध्यम त्रुटी-सुधारणेसह (कोडचा थोडा भाग खराब झाला तरी वाचता येण्याची सोय) २५ × २५ चौकोनांत काम भागतं. प्रत्येक चौकोन ०.८ मिमी धरला तर कोड २० मिमी, भोवती चार चौकोनांची कोरी जागा, एकूण २६.४ मिमी. आवरणाच्या २९.५ मिमी बाजूला बरोबर बसतो. घडीवर, फॉइलवर किंवा चकाकत्या लॅमिनेशनवर नको. मधे लोगो टाकायचाच तर सुधारणा-पातळी सर्वात वरची करा आणि वाढलेल्या चौकोनांची जागा मोजा. फाइल एसव्हीजी, रंग गडद, मागे फिका. उलटे केलेले कोड काही जुने फोन वाचत नाहीत.

मोफत 'डायनॅमिक' कोड देणाऱ्या संकेतस्थळांपासून सावध. तो कोड आधी त्यांच्या पत्त्यावर जातो. चाचणी मुदत संपली की छापलेले सगळे डबे मुके. स्वतःच्या पत्त्यावरचं पान ठेवा, आत काय दाखवायचं ते नंतर बदलता येतं.

फोनमधून डबा टेबलावर ठेवल्यासारखा दाखवायचा आहे. ॲप बनवावं लागेल का?

नाही. ब्लेंडरमधून त्रिमितीय मॉडेलची जीएलबी फाइल काढा आणि मॉडेल-व्ह्यूअर नावाच्या मोफत वेब घटकात टाका. अँड्रॉइडवर जीएलबी चालते, आयफोनला यूएसडीझेड लागते.

नेहमी चुकतं ते माप. ब्लेंडरचं एक एकक म्हणजे एक मीटर. डब्याची लांबी ०.१३३ हवी, १३.३ राहिली तर बर्फीचा डबा बसएवढा उभा राहतो. मोजमाप बदलल्यावर कंट्रोल-ए दाबून स्केल पक्कं करा. प्रत्येक बाजू वेगळी ठेवून तिचा मूळबिंदू घडीच्या रेषेवर आणा, म्हणजे ती बिजागरीसारखी फिरते. टेक्स्चर २०४८ पिक्सेलपेक्षा मोठं नको, फाइल पाच एमबीच्या आत. बाजारातल्या माणसाचं नेटवर्क गृहीत धरा, हॉस्टेलच्या वायफायचं नाही.

डब्याचं चित्रच ओळखून त्यावर काही हलवायचं असेल तर चित्रात वेगवेगळे, न जुळणारे कोपरे हवेत. सारख्या फोडींची गोल नक्षी कॅमेऱ्याला सगळीकडून सारखीच दिसते, म्हणून दृश्य घसरतं. एका कोपऱ्यात पान, दुसरीकडे मजकूर, एवढ्यानेही सुधारणा होते.

एआयने डब्याचं चित्र करून घेतलं तर?

कल्पना चाचपायला घ्या. छपाईला देताना तीन गोष्टी अडतात: देवनागरी अक्षरं बहुधा विस्कटलेली असतात, रंग स्क्रीनचे असतात, आणि दाखवलेला डबा कागदाचा घडतच नाही, झाकण कुठून उघडतं हे त्या चित्रालाच ठाऊक नसतं. मजकूर नेहमी स्वतः टाइप करा आणि कोणता भाग यंत्राचा ते पोर्टफोलिओत लिहा. पदार्थाचं खोटं चित्र खऱ्या डब्यावर छापलं तर ग्राहकाची दिशाभूल होते, तिथे ते टाळाच.

पोर्टफोलिओत काय ठेवायचं?

सपाट उलगडलेल्या डब्याचं मापांसह रेखाटन, पाच रंगपट्ट्यांचा फोटो, फसलेली एक डमी, तीस सेकंदांची फिल्म आणि चालणारा क्यूआर. ईमेलसाठी पीडीएफ दहा एमबीच्या आत, फिल्म दुव्याने. मुलाखतीला खरा डबा न्या, आणि दोन न्या. एक हमखास कुणीतरी चिकटपट्टी उकलून पाहतं.